ऑप्शन फॉर्मचा दुसरा नंबर

अमळनेरला आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मे ते जुलै बारावीची पोरं आणि त्यांचे बाप एकत्र जेवढे मला दिसतात तेवढे कॉलेजातल्या सरांनाही दिसत नसतील. बाप खुर्ची ओढून बसतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "मना पोऱ्या डॉक्टरच व्हई". पोरगं मोबाईलमध्ये बघत उभं. मग बाप चहाला खाली उतरला की पोरगं हळूच म्हणतं, काका, अ‍ॅग्रीचा पण फॉर्म भरून द्या ना.

हे वाक्य त्याने घरी दोन वर्षं आधी बोलायला पाहिजे होतं, पण घरात तशी सोय नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे, प्लॅनिंग म्हणजे एक स्वप्न ठरवणं नाही, दुसऱ्या नंबरला काय लिहायचं ते निकालाच्या आधी ठरवणं. नीटला, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला, 720 मार्क असतात, 180 प्रश्न, चुकलं की एक मार्क कापतात. त्यात कमी पडलं आणि अकरावीला गणित सोडून नुसता बायो ग्रुप घेतलेला असला की इंजिनीअरिंगचा रस्ता तिथेच बंद. पण तरी सगळं संपत नाही भो. पीसीबीवर, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोवर, राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा दिली असेल तर बी.फार्म, बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे, अ‍ॅग्रीला तर धुळ्यातच सरकारी कृषी महाविद्यालय आहे, डी.फार्म तर बारावीच्या मार्कांवर मिळतं. फक्त नीटच्या नादात सीईटीचा फॉर्मच भरला नाही असं करू नका, आणि हे दरवर्षी होतं. दहावीनंतर पॉलिटेक्निक केलं तर डिप्लोमा झाल्यावर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अ‍ॅडमिशन मिळते, पण डिप्लोमा म्हटलं की आपल्याकडे पाहुणे नाक मुरडतात, त्यांना मुरडू द्या.

कॅप राउंडचं, म्हणजे सरकारी ऑनलाइन अ‍ॅडमिशनच्या फेऱ्यांचं, एक सांगतो. त्यात ऑप्शन फॉर्मवर कॉलेजं पसंतीप्रमाणे एक-दोन-तीन नंबर टाकून लिहायची असतात. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या राउंडला बसता येत नाही. म्हणून "टाकून देऊ काहीतरी" म्हणून पहिला नंबर टाकू नका, आणि शेवटचे नंबरही खरंच जाणार असाल तरच टाका.

कागदपत्रांचं तर विचारू नका. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाकायचा असतो, लोक निकाल लागल्यावर समितीच्या दारात उभे. नॉन-क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, ते एकदा काढून फाईलला लावलं म्हणजे झालं असं नाही. आणि ज्यांना पोरीच्या शिक्षणाचा खर्च जड वाटतो त्यांनी ऐका, 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण), ओबीसी घरातल्या मुलींना उत्पन्न 8 लाखाच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे. कॅपमधून अ‍ॅडमिशन पाहिजे मात्र, मॅनेजमेंट कोट्याला नाही.

आता निकालाच्या दिवसाचं. प्रिंट हातात घेतल्यावर पोराचा चेहरा मला समोरून दिसतो, बापाला दिसत नाही कारण बाप मार्क बघत असतो. त्या आठवड्यात घरी फक्त जेवायला बोलवा, मामा-मावशीला फोन करून मार्क सांगत बसू नका, शेजारच्याच्या पोराला किती पडले हा विषयच नको. बारावीत नापास झालं तरी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते, त्याचा फॉर्म बाप रागात असताना राहून जातो, तो भरा. ड्रॉप, म्हणजे एक वर्ष थांबून परत परीक्षा, घ्यायचाच असेल तर पोराला विचारून घ्या, कोटाच्या क्लासची फी भरून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही. आणि पोरगं गप्प गप्प राहायला लागलं, झोपेना, जेवेना, तर 14416 वर फोन करा, टेली मानसचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. पोराला हा नंबर आधीच देऊन ठेवा, त्यात लाजायचं काय.

परवा एक काका चिडून म्हटले, एवढा क्लासचा खर्च वाया गेला. मी म्हटलं, बोंडअळीने कापूस गेला त्या वर्षी तुम्ही वावर विकलं का? तेच वावर नांगरून दादर ज्वारी पेरली ना? ते काही बोलले नाहीत. पोराकडे बघितलं आणि म्हटले, ते अ‍ॅग्रीचं काय म्हणत होता रे तू.

पोराने सीईटी दिलेली होती.