हिराकसच्या धंद्यातली आमची वाटचाल

आम्ही सुरुवात केली ती साध्या ट्रेडिंगनं, फेरस सल्फेट म्हणजे हिराकस, लोहाचा एक क्षार, त्याच्या गोण्या घ्यायच्या आणि विकायच्या. आज आमचं छोटंसं युनिट आहे, स्वतःची लॅब आहे, आणि कुणी माल मागितला की आम्ही आधी विचारतो, वापरणार कशासाठी?

कारण सगळा खेळ त्यावरच आहे. ताजा हिराकस निळसर हिरवा असतो, त्यात सात रेणू पाणी असतं, वजनाचा ४५ टक्के भाग नुसतं पाणीच, लोह जेमतेम २० टक्के. यातलं लोह फेरस म्हणजे दोन-व्हॅलन्सी रूपात असतं, हवा आणि ओल लागली की त्याचं फेरिक म्हणजे तीन-व्हॅलन्सी रूप होतं आणि दाणे पिवळे-तपकिरी पडायला लागतात. आता सांडपाण्यातला गाळ बसवायला थोडा पिवळा माल एकवेळ चालून जातो, कारण तिथे चुना टाकून पीएच वाढवला की फेरसचं शेवटी फेरिकच व्हायचं असतं. पण प्लेटिंगवाल्यांना, म्हणजे धातूवर क्रोमियमचा मुलामा देणाऱ्यांना, अजिबात चालत नाही! त्यांना सांडपाण्यातल्या विषारी सहा-व्हॅलन्सी क्रोमियमचं कमी घातक तीन-व्हॅलन्सी करायचं असतं आणि ते काम फेरस करतं, फेरिक नाही. एका क्रोमियमला तीन लोह लागतात, म्हणजे १ किलो क्रोमियमला हिशोबानं १६ किलो हिराकस, प्रत्यक्षात थोडा जास्तच, आणि त्यातला काही भाग आधीच फेरिक झाला असेल तर डोस कमी पडतो आणि क्रोमियम तसंच बाहेर जातं. हे नीट समजल्यापासून आम्ही प्रत्येक लॉटचं परमँगनेटनं टायट्रेशन करतो, म्हणजे जांभळं परमँगनेट थेंबाथेंबानं टाकून फेरस मोजतो, फिकट गुलाबी रंग टिकला की रीडिंग घ्यायचं, आणि फेरस किती ते रिपोर्टवर वेगळं लिहून देतो. नुसतं "टोटल आयर्न", म्हणजे फेरस-फेरिक मिळून एकूण लोह, लिहिलेला रिपोर्ट मला अपुरा वाटतो.

माल बहुतेक दोन ठिकाणचा येतो. एक टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य सल्फ्युरिक ॲसिडनं बनवण्याच्या सल्फेट प्रोसेसमधून, दुसरा स्टीलच्या पिकलिंगच्या, म्हणजे गंज काढायच्या, ॲसिडमधून. दोन्हीकडे तो बाय-प्रॉडक्टच, त्यामुळे मॅंगनीज, झिंक वगैरे सोबत येऊ शकतं, म्हणून शेतीला द्यायच्या मालाची जड धातूंची तपासणी आम्ही सोडत नाही. शेतकऱ्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर लोहाची कमतरता असू शकते, पण जमीन चुनखडीची असेल तर नुसता हिराकस मातीत टाकून फार उपयोग नाही, लोह तिथेच अडकतं. तिथे अर्धा टक्का द्रावणाची फवारणी किंवा मग चिलेट, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेलं लोह. आमची विक्री कमी झाली तरी हेच सांगतो.

औषधाचा ग्रेड आम्ही करत नाही, त्याची शुद्धता आणि प्लांट वेगळाच लागतो.

साठवणीचा त्रास मात्र कायमचा. उष्णतेत हा माल स्वतःच्याच पाण्यात भिजतो, ६० डिग्रीच्या आसपास तर वितळायलाच लागतो, आणि थप्पी उंच लावली की खालच्या गोण्यांचा दगड होतो, म्हणून आतून लायनर, थप्पी कमी उंचीची आणि जुना लॉट आधी बाहेर. आता मोनोहायड्रेटकडे वळतोय, त्यात पाण्याचा एकच रेणू, लोह ३० टक्क्यांच्या आसपास, गठ्ठे कमी. सिमेंटवाले सिमेंटमधलं सहा-व्हॅलन्सी क्रोमियम कमी करायलाच तो मागतात, युरोपात सिमेंटमधल्या विरघळणाऱ्या सहा-व्हॅलन्सी क्रोमियमला २ पीपीएमची, म्हणजे दहा लाखात दोन भागांची, मर्यादा आहे, गवंड्यांच्या हातांना त्यानं त्वचारोग होतो म्हणून. ड्रायरची ट्रायल सुरू आहे, तापमान जास्त गेलं की फेरस घटतो, सध्या सगळं लक्ष तिथेच आहे.