फुआंग मालाई : सरळ नळी जमली, आता पोटाची माळ

मोगऱ्याचा हंगाम सुरू झाल्यापासून एकाच प्रकाराचा पिच्छा पुरवला होता : मालाई क्लोम. फुआंग मालाई म्हणजे थायलंडच्या सुईवर ओवलेल्या फुलांच्या माळा, आणि क्लोम, म्हणजे गोल नळीसारखी माळ, ही त्यांची बाराखडी. लांब सुईवर कळ्या गोलाकार रचत जायचं. पहिल्या फेरीत सहा कळ्या, दुसऱ्या फेरीतल्या सहा कळ्या पहिल्या फेरीच्या फटींत, तिसरी पुन्हा पहिलीच्या रेषेत. सुई भरली की सगळं एका दमात दोऱ्यावर उतरवायचं. आता नळी सरळ येते, रेषा वाकत नाहीत. म्हणून या महिन्यात मालाई तुम हातात घेतली. ही दोन्ही टोकांना निमुळती आणि मधे पोट असलेली माळ आहे, आणि सगळी कसब त्या पोटातच आहे.

गजरा बांधणाऱ्यांना आधी हे सांगते, कारण आपल्यातले बहुतेक तिथूनच आलो आहोत. गजऱ्यात कळी दोऱ्याच्या गाठीत अडकते. मालाईत गाठ नाहीच, कळी देठातून टोचली जाते. त्यामुळे सुईपासून कळीचं टोक किती लांब राहणार, हे देठ किती ठेवला यावर ठरतं. माळेच्या पोटाचं गुपित एवढंच : टोकाच्या फेऱ्यांना देठ जवळजवळ कापून टाकायचा, मग फेरीगणिक किंचित जास्त ठेवत जायचं, मधोमध सर्वांत लांब, आणि तिथून पुन्हा कमी. फुलं तीच, हात तोच, फरक कात्रीचा. मी आता ओवायला बसण्याआधी कळ्यांचे देठाप्रमाणे ढीग करते आणि ओल्या पंचावर ओळीने मांडते. ओवण्यापेक्षा या निवडण्याला जास्त वेळ जातो, आणि जायलाच हवा. एका फेरीत एक कळी जरी उंच निघाली तरी पोटाला टेंगूळ दिसतं.

दादरच्या फूलबाजारातल्या मावशींना मी लांब देठाच्या कळ्या मागितल्या, तर म्हणाल्या, “ताई, देठ कशाला बघताय? कळी बघा की!” पालघरकडून पहाटे येणाऱ्या मोगऱ्यात दोन्ही मिळतं, फक्त पुडा उघडून बघू द्यायला हवा. कळी घट्ट मिटलेलीच घ्या. संध्याकाळपर्यंत उमलणारी कळी नक्षी मोडते.

सुई थाई पद्धतीचीच वापरते, साधारण फूटभर लांब आणि बारीक. गादीवाल्यांची सुई लांब असते, पण तिच्या जाडीने मोगऱ्याचा देठ चिरतो. सुईला व्हॅसलीनचा पातळ हात द्यायचा, नाहीतर उतरवताना कळ्या अडून फेऱ्या फिरतात. दोरा दुहेरी, आणि माळ ढकलायची ती मुळाकडून, बोटं ओली करून. मधूनच ओढू नका.

गुलाबाच्या पाकळ्यांचा एक पट्टाही यावेळी घातला. पाकळीच्या दोन्ही कडा मधे दुमडून टोचायच्या. लाल गुलाबाच्या दोन फेऱ्या बरोबर पोटावर आल्या की माळ भरल्यासारखी दिसते. खाली आधाराला कुंतीची पानं कापून लावली. तिकडेही हेच झाड वापरतात, त्यामुळे या बाबतीत तडजोड करावी लागत नाही. पानं, पाकळ्या, कळ्या एकत्र गुंफून नक्षी काढण्याची ही घडण थायलंडच्या राजवाड्यातल्या स्त्रियांनी वाढवली. पाचवा राम, म्हणजे राजा चुलालोंगकोर्न याच्या काळात (1868 ते 1910) राणी साओवाभा फोंगस्री हिच्या आश्रयाने हे काम विशेष बहरलं. त्यामुळे आपण ज्याला ‘पारंपरिक नमुना’ म्हणतो त्यातलं बरंचसं तसं अलीकडचं आहे, आणि मला तरी त्याचा दिलासा वाटतो. नवे नमुने करून बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता गोंडा, तिकडचा उबा. इथे मी सर्वांत जास्त रमले. त्यात रुईची फुलं ओवतात, तीही अख्खी नाही. पाकळ्या काढून मधला पंचकोनी मुकुट तेवढा घेतात. एकावर एक ओवले की पांढरे मणी रचल्यासारखे दिसतात, आणि मोगऱ्याच्या आधी सुकत नाहीत. शेवटाला सोनचाफ्याची कळी. आपल्याकडे रुईचा हार शनिवारी मारुतीला जातो. थायलंडात हेच फूल प्रेमाचं मानलं जातं, लग्नाच्या माळांत असतं. (मारुती ब्रह्मचारी, तेव्हा या विषयावर घरात बरेच विनोद झाले.) एक सूचना गंभीरपणे घ्या : रुईचा चीक डोळ्यांना फार वाईट. फुलं आधी भरपूर पाण्यात धुवा, आणि हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

कोणती माळ कुणाला, हे नव्यांनी एकदा समजून घ्यावं, म्हणजे चुकीच्या ठिकाणी चुकीची माळ दिली जाणार नाही. एकाच टोकाला गोंडा असलेली ती चाय दिआओ. ती बुद्धमूर्तीपुढे वाहतात, सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुवासिक पाणी घालताना देतात, टॅक्सीच्या आरशाला आणि लांबशेपटी होड्यांच्या नाकाडावर वाहनाची राखणदार मे या नांग हिच्यासाठी बांधतात. दोन्ही टोकांना गोंडे असलेली सोंग चाय माणसाच्या गळ्यात घालतात, नवरा-नवरीला किंवा पाहुण्याला. मनगटावर बसणारी छोटी ती चामरुआय, समारंभात आल्यागेल्याला वाटायची. बँकॉकच्या पाक खलोंग तलात या फूलबाजारात तिन्ही प्रकार रात्रंदिवस विकायला असतात. रस्त्यावरच्या सिग्नलला मिळते ती बहुधा चाय दिआओच, साधी आणि घाईत ओवलेली. पण तिच्याकडे नाक मुरडू नये. एका सुईवर इतक्या वेगाने सरळ रेषा राखणं आपल्याला अजून जमत नाही.

टिकवण्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. तयार माळ केळीच्या पानात गुंडाळून, वर ओलं कापड, आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. पाणी फवारायचं ते धुक्यासारखं. थेंब साचले की मोगरा तपकिरी पडतो. मुंबईच्या मे महिन्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माळ चांगली राहते, त्यापुढे अपेक्षा ठेवू नये.

पुढे मालाई सीक करायची आहे. तिच्यात कळ्या सुईच्या एकाच बाजूला येतात, म्हणजे अर्धी नळी, आणि पाठ सपाट. ती सोंग चायसाठी सोयीची, कारण गळ्याला टोचत नाही. तिकडे मातृदिन 12 ऑगस्टला असतो आणि मोगरा हे त्याचं फूल, तेव्हा तोवर सीक हातात बसावी असा बेत आहे. पावसात कळी भिजकी येते, म्हणून सराव तगरीच्या कळ्यांवर करेन. त्या स्वस्त पडतात आणि देठही लांब असतो. कुणाच्या आवारात पांढरी रुई असेल तर कळवा, पण निरोप गुरुवारपर्यंत येऊ द्या. शुक्रवारी संध्याकाळनंतर ती सगळी मारुतीच्या नावावर गेलेली असते.