नकाशावरचा पिवळा रंग

जिऑलॉजिकल मॅपवर (कुठे कुठला खडक किंवा माती आहे ते रंगांनी दाखवणारा नकाशा) सगळ्यात दुर्लक्षित भाग कुठला, तर नदीकाठचा फिका पिवळा, म्हणजे नवा गाळ. माझीही नजर आधी ग्रॅनाइट नि बसाल्टकडेच जायची, आता नकाशा उघडला की मी आधी पिवळं बघते.

पुरातत्त्वाच्या सर्व्हेत सापडलेल्या जुन्या वस्त्यांचे ठिपके जीआयएसमध्ये (नकाशे एकावर एक ठेवून बघायचं सॉफ्टवेअर) या नकाशावर टाकले की बरेचदा ठिपके सगळे उंचवट्यावर आणि पिवळ्यात जवळपास काहीच नाही असं दिसतं, मग लगेच निष्कर्ष निघतो की लोक नदीपासून लांबच राहायचे. पण वस्ती काठावरच असेल आणि नंतरच्या पुरांनी तिच्यावर काही मीटर गाळ आणून टाकला असेल, तर वरून चालणाऱ्याला खापरं दिसणार कशी? तिथे ‘काही नाही’ असं लिहू नये, ‘वरून दिसत नाही’ असं लिहावं आणि बोअर घेऊन खालची माती बघावी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पाण्याचंही तसंच. बांगलादेशात आर्सेनिकचा त्रास मुख्यतः होलोसीन, म्हणजे नव्या, गाळातल्या उथळ ट्यूबवेलना आहे, तिथल्याच बारिंद आणि मधुपूर भागांतल्या जुन्या प्लाइस्टोसीन (होलोसीनच्या आधीच्या काळातल्या) मातीत तो खूप कमी. नव्या गाळात सेंद्रिय पदार्थ कुजतात, ऑक्सिजन संपतो, लोहाच्या ऑक्साइडला चिकटलेलं आर्सेनिक सुटून पाण्यात येतं. म्हणजे कुठे आधी तपासायचं ते नकाशा सांगतो. पण शेजारशेजारच्या दोन विहिरींचं पाणी वेगळं निघतं, त्यामुळे टेस्टिंग टाळता येत नाही.

आणि स्केल! १:२,५०,००० वर १ मिमी म्हणजे जमिनीवर २५० मीटर, तुमचा १० मीटरचा खड्डा रेघेच्या जाडीतच हरवतो, झूम कितीही करा. शिवाय काही नकाशे फक्त बेडरॉकचे (खालच्या पक्क्या खडकाचे) असतात, त्यात गाळ दाखवलेलाच नसतो. तुटक रेघ म्हणजे सीमा अंदाजाने काढलीय, तेही लेजंडमध्ये (नकाशावरच्या खुणांच्या यादीत) बघा.

रंग सारखा म्हणजे खडक एकाच ठिकाणचा असंही नाही. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळातला सुमारे ६ टनांचा ऑल्टर स्टोन हा दगड वेल्सच्या ओल्ड रेड सँडस्टोनचा (एक जुना वालुकाश्म) असं कितीतरी वर्षं मानलं गेलं, पण त्याच नावाचा खडक स्कॉटलंडमध्येही आहे. २०२४ मध्ये त्यातल्या झिरकॉन, अ‍ॅपेटाइट, रुटाइल या खनिजांच्या कणांची वयं काढली तर ती वेल्सशी जुळेनात, ईशान्य स्कॉटलंडच्या ऑर्केडियन बेसिनशी (जिथे जुना गाळ साचून खडक झाला तो खोलगट भाग) जुळली. स्टोनहेंजपासून किमान ७५० किमी लांब! कुठल्या कुठल्या भागांतले नमुने ताडून बघायचे हे नकाशावरून ठरतं, पण उत्तर कणांनी दिलं. आता त्या बेसिनमधला नेमका कुठला थर, हे शोधायचं राहिलंय.