सासवडच्या मुक्कामाची गोळी

पुणे ते सासवड हा माऊलींच्या पालखीचा सगळ्यात लांबचा टप्पा, ३२ किलोमीटरच्या आसपास, आणि वर दिवेघाट. आमवाताची बाई घाटातच बसणार, असं घरच्यांनी धरून ठेवलं होतं. घाट निभावला. दिवस वर आला, अंग हलतं राहिलं की माझे सांधे सैल होतात. जीव जातो तो पहाटे.

तीनपासून तंबूत आंघोळीची लगबग. सगळ्या जणी ताज्यातवान्या, आणि माझी बोटं मिटायला तयार नसतात. हा ताठरपणा तासभर तरी हटत नाही, म्हणून मी दोनलाच उठून बसायचे. टँकरची तोटी मनगटाने ढकलायची, तांब्या दोन्ही तळव्यांत धरायचा. नाडी बांधणं नको म्हणून सलवारीला इलॅस्टिक. टाळ घेतलाच नाही. सुजलेल्या बोटांत दोरी बसत नाही. नुसतं तोंडाने म्हणायचं.

संध्याकाळी बरं असतं. मुक्कामाला सगळेच लंगडत येतात, त्यात आपलं लंगडणं खपून जातं.

शेजारच्या आजींनी मात्र हेरलं. "तरण्या पोरीला कसला गं वात? आंबट सोड बघू."

"आजी, हा झिजेचा नाही. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उठतं."

"बया!" म्हणत त्यांनी तेलाचा हात माझ्या मनगटाकडे नेला. सुजलेला सांधा दाबला की डोळ्यांपुढे काजवे. मी पटकन पाय पुढे केले.

मेथोट्रेक्सेट ही माझी आमवाताची गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते. माझ्या बाबतीत दुसरा दिवस मळमळीत जातो. सासवडला पालखी दोन रात्री थांबते, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळीचा दिवस तिथे आणला होता. ताप आला तर गोळी न घेता आधी फोन करायचा, हेही त्यांनी बजावलेलं. औषधाने प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळे पाणी उकळलेलंच. त्यावरून दिंडीत मला 'पुण्याच्या बाई' हे नाव पडलं.

जेजुरीत गुडघा फुगला. पुढे वाल्ह्यापर्यंत मी सामानाच्या ट्रकमधून गेले. स्वयंपाकाच्या बायकांनी मला परातीपुढे बसू दिलं नाही, किराण्याच्या हिशेबाची वही हातात दिली. पेनही धड धरता येत नव्हतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.