गरम पाणी, 10 बार आणि 3 मिलिमीटर नायलॉन
पंपाची पितळी बॉडी काढून प्लास्टिकची करायची ठरलं तेव्हा मी डेटाशीटवर आधी मेल्टिंग पॉइंट बघितला. नायलॉन 66 वितळतं 260 अंशांच्या आसपास, आपलं पाणी 90 अंश, म्हणजे काळजीच नाही असं वाटलं. इथेच चुकलो. वितळायच्या खूप आधीच प्लास्टिकचा ताठपणा जायला लागतो, साध्या नायलॉनचा तर 60-70 अंशांनाच बराच जातो, म्हणून 30 टक्के ग्लास फिल्ड, म्हणजे काचेचे बारीक तंतू मिसळलेलं नायलॉन घेतलं, ते गरम असताना पुष्कळ तग धरतं.

हिशोबही केला होता. व्यास 60 मिमी, भिंत 3 मिमी, प्रेशर 10 बार म्हणजे भिंतीत ताण साधारण 10 मेगापास्कल, आणि मटेरियलची ताकद 180, अठरा पट! पण हा 180 आकडा चाचणीच्या कोरड्या पट्टीचा असतो, 23 अंशांवर, तंतू ओढीच्या दिशेत, आणि ती पट्टी काही क्षणांत ओढून तोडलेली. आपला पार्ट मात्र गरम पाण्यात बसलेला, नायलॉन पाणी शोषतं, तिथेच ताकद निम्म्यावर किंवा त्याखाली येते. मोल्डमध्ये दोन बाजूंनी आलेलं मटेरियल जिथे भेटतं त्या वेल्ड लाइनवर तंतू पलीकडे जातच नाहीत, तिथे अजून घट. आणि सगळ्यात मोठं म्हणजे क्रीप, लोड तेवढाच असला तरी पार्ट तासातासाला थोडा थोडा ताणत राहतो आणि उष्णतेने हे फार वेगात होतं.

हायड्रो टेस्टला, म्हणजे पाणी भरून दाब देऊन बघतात त्या चाचणीला, 20 बार मिनिटभर धरलं होतं, थेंब नाही. थंड पाणी होतं ना! गरम पाण्यावर तीन आठवड्यांत आधी बोल्ट सैल पडले, कारण बोल्टच्या डोक्याखालचं प्लास्टिक दबत गेलं आणि ओ रिंगवरची (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्यावरची) पकड सुटली, मग वेल्ड लाइनवरच चीर गेली. गरम पाण्याचा फवारा उडाला, जवळ कोणी नव्हतं हे नशीब, ते आठवलं की अजून बरं वाटत नाही.

म्हणून प्लास्टिकच वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, गाड्यांच्या रेडिएटरच्या टाक्या कित्येक वर्षं ग्लास फिल्ड नायलॉनच्याच आहेत, पण त्यासाठी हायड्रोलिसिस (गरम पाण्याने प्लास्टिकचे रेणू तुटणं) सहन करणारा ग्रेड वापरतात. पारदर्शक पॉलीकार्बोनेट दिसायला दणकट पण सततच्या गरम पाण्यात ते हळूहळू तुटतं, तिथे वापरू नका. पीक (PEEK) नावाचं प्लास्टिक तर 343 अंशांला वितळतं, सगळं झेलतं, पण इतकं महाग की या पार्टला परवडलं नाही.

आता आम्ही पीपीएस (PPS) हे दुसरं प्लास्टिक घेतलंय, ते पाणी जवळपास शोषतच नाही, मात्र ठिसूळ आहे, म्हणून आतले सगळे कोपरे गोलसर केले, गेट (मोल्डमध्ये मटेरियल शिरतं ती जागा) हलवून वेल्ड लाइन कमी ताणाच्या बाजूला नेली आणि प्रत्येक बोल्टच्या भोकात धातूची स्लीव्ह बसवली म्हणजे दाब स्लीव्हवर येतो. नवीन बॉडी 90 अंशांवर 10 बारला 1000 तासांच्या टेस्टला लावलीय, मध्ये जाळीचं कव्हर ठेवलंय, 640 तास झालेत, रोज सकाळी बाहेरचा व्यास मोजून वहीत लिहितोय.