निषेधाच्या ठरावानं कुणी सुटतं का?

"परक्या देशाच्या संसदेनं निषेध केला म्हणून कुणी तुरुंगातून सुटतं का हो?" परराष्ट्र घडामोडींवर लिहिते म्हटल्यावर हा प्रश्न येतोच. सुरातच उत्तर असतं: सगळे कागदी घोडे! तुम्ही विचारलंत म्हणून युलिया तिमोशेंको यांचं प्रकरण सांगते.

युक्रेनच्या या माजी पंतप्रधान २०१० मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक व्हिक्टर यानुकोविच यांच्याकडून हरल्या. पुढच्याच वर्षी, २००९ च्या रशियाबरोबरच्या गॅस कराराचं निमित्त करून त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्यांची पाठ धरली. २० एप्रिल २०१२ च्या रात्री त्यांना जबरदस्तीनं इस्पितळात हलवलं गेलं. पोटात बुक्का मारला, असं त्यांनी सांगितलं आणि उपोषण सुरू केलं. अंगावरच्या काळ्यानिळ्या डागांचे फोटो जगभर छापून आले. मेमध्ये युरोपियन संसदेनं ठराव केला, सप्टेंबरमध्ये अमेरिकी सिनेटनं. कीव्हचं, म्हणजे युक्रेन सरकारचं पालुपद ठरलेलं: आमची न्यायालयं स्वतंत्र आहेत.

पण यानुकोविच यांना युरोपियन युनियनबरोबर सहकार्य करार हवा होता आणि तो युरोपियन संसदेच्या संमतीशिवाय पुरता होणार नव्हता. गोम इथे होती. मारहाणीच्या आरोपानंतर तीन आठवड्यांच्या आतच तिमोशेंको तुरुंगातून पुन्हा खारकीवच्या इस्पितळात आल्या होत्या आणि बर्लिनच्या शारिटे इस्पितळाचे डॉक्टर उपचारात होते. युरोपियन संसदेनं पाठवलेले तिचे माजी अध्यक्ष पॅट कॉक्स आणि पोलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष अलेक्सांदर क्वाश्निएव्स्की दीड वर्ष युक्रेनच्या वाऱ्या करत राहिले. एप्रिल २०१३ मध्ये यानुकोविच यांनी तिमोशेंको यांचे तुरुंगात असलेले माजी गृहमंत्री युरी लुत्सेन्को यांना माफी दिली. ही सुटका फारशी कुणाला आठवत नाही. माझ्या मते या खटपटीची सगळ्यात रोकडी कमाई तीच.

त्याच महिन्यात स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क न्यायालयानं तिमोशेंको यांची कोठडी मनमानी आणि अंतस्थ हेतूनं लादलेली ठरवली. मारहाणीचा आरोप मात्र बहुमतानं फेटाळला. न्यायवैद्यकीय तपासणीला त्यांनीच नकार दिला होता. निषेध करणाऱ्या खासदारांनी हा भाग फारसा सांगितला नाही. निवाड्याआधी गर्जना करायची त्यांना घाईच असते, असा आक्षेप तुम्ही घेतलात तर तो मला मान्य आहे.

आणि तिमोशेंको? २१ नोव्हेंबर २०१३ ला युक्रेनच्या संसदेनं त्यांना उपचारासाठी परदेशी जाऊ देणारी विधेयकं फेटाळली आणि त्याच दिवशी सरकारनं कराराची तयारीही थांबवली. लोक कीव्हच्या मैदान चौकात निषेधाला उतरले. २२ फेब्रुवारी २०१४ ला त्या सुटल्या त्या या उठावामुळे; यानुकोविच तोवर कीव्ह सोडून गेले होते.

मग रशियाचे तुरुंगात टाकलेले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांचं काय, असं तुम्ही विचारणारच. युरोपियन संसदेनं २०२१ मध्ये त्यांच्यासाठीही ठराव केले, साखारोव्ह हा आपला मानवी हक्कांचा पुरस्कार दिला. जानेवारीच्या ठरावात तर नॉर्ड स्ट्रीम २ ही गॅसवाहिनी थांबवा, असंही म्हटलं होतं. ती त्याच सप्टेंबरमध्ये बांधून पुरी झाली. क्रेमलिनला या खासदारांकडून मिळवायचं असं काही नव्हतंच. गॅसचे सौदे सरकारं आणि कंपन्या करत होत्या, आणि त्यांनी ते तेव्हा मोडले नाहीत. नवाल्नी फेब्रुवारी २०२४ मध्ये आर्क्टिकमधल्या खार्पच्या तुरुंगात वारले.