कोरी ओळ: औषधाच्या ट्रायलमधलं माझं एक वर्ष

जून २०२२ मध्ये आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "नाशिकला मधुमेहाच्या नव्या गोळीची ट्रायल सुरू होतेय. तुम्ही त्यात बसता. विचार करून सांगा." माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) तेव्हा ८.६ टक्के होती. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी चालू होती, पथ्य नावापुरतं. मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्षवाला, तेव्हा वय ५८.

घरी विषय काढला तर बायकोने ताट बाजूला सारलं. "प्रयोग करायला तुम्हीच सापडलात का?" तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

माहितीपत्रक मराठीत होतं, २३ पानांचं. सही लगेच मागितली नाही, कागद घरी न्यायला दिले. पुतणी फार्मसी शिकते, तिने दोन रात्री मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं ठीक चाललं होतं. शेवटच्या पानावर मात्र वार्षिक उत्पन्न, व्यवसाय आणि वारसाचं नाव भरायला जागा होती. आई म्हणाली, "वारस कशाला लागतो? मरणाची तयारी आहे का?"

दुसऱ्या खेपेला ट्रायलचं काम पाहणाऱ्या कोऑर्डिनेटर ताईंना हेच विचारलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर वारसाला भरपाई, आणि तिचा हिशोब ८ लाख रुपये मूळ धरून वय आणि आजाराच्या गंभीरपणावरून होतो. मृत्यू हा शब्द त्यांनी गिळला नाही, म्हणूनच माझा भरवसा बसला.

खरी अडचण पुढे होती. अर्ध्या लोकांना नवी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय ते संगणक ठरवणार. मलाही कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. मेटफॉर्मिन सगळ्यांचं चालूच राहणार, आणि साखर ठरावीक हद्दीपलीकडे गेली तर जादा औषध मिळणार. पुतणी म्हणाली, "काका, वर्षभर नाशिकच्या चकरा मारून रिकामी गोळी खाल्ली तर?"

मला वडिलांची आठवण झाली. डावणीवर, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगावर, कंपनीचं नवं औषध आलं की ते सगळ्या बागेवर कधी मारत नसत. मधल्या दोन ओळींवर नेहमीचीच फवारणी. त्यांना आम्ही कोऱ्या ओळी म्हणायचो. पाऊस उघडला म्हणून डावणी थांबली की औषधाने थांबली, हे त्या ओळींशिवाय कळणार कसं? आणि ओळी निवडताना ते निचऱ्याची, चांगल्या मातीची जागा मुद्दाम नव्या औषधाला देत नसत. दिली तर औषध उगीचच गुणकारी दिसेल. संगणकाने नावं का वाटायची, ते मला तिथेच उमगलं. सही केली.

त्या सकाळी माझ्या शेजारी सुरगाण्याकडच्या एक आजी बसल्या होत्या. वाचता येत नव्हतं. त्यांना सगळं तोंडी समजावताना दवाखान्याशी संबंध नसलेला एक साक्षीदार शेजारी बसवला होता. आजींचा अंगठा, त्याखाली त्याची सही. आजींनी एकच प्रश्न विचारला, "मधेच सोडलं तर रागावाल का?" नाही रागावणार, नेहमीचे उपचारही थांबणार नाहीत, असं उत्तर मिळालं. माहितीपत्रकातही ते लिहिलेलं आहे, पण आजींनी विचारल्यामुळे मला ते नीट ऐकू आलं.

मग ५२ आठवडे. पहाटेची एसटी, उपाशी पोट, म्हसरूळला आरोग्य विद्यापीठाची पाटी दिसली की हायसं वाटायचं. सीबीएस या नाशिकच्या बसस्थानकावर उतरायचं, पुढे रिक्षा. प्रवासखर्च मिळे. रक्त, लघवी, वजन, कधी ईसीजी. उरलेल्या गोळ्या डबीसकट परत न्यायच्या. ताई त्या मोजत आणि दोन जास्त निघाल्या तर तारीख विचारत. सुरुवातीला अपमान वाटला. मग लक्षात आलं, मी चार गोळ्या चुकवल्या आणि गप्प बसलो तर दोष गोळीवर येईल. फेब्रुवारीत माल काढणी ऐन भरात असतानाची फेरी सगळ्यात जड गेली. मजूर बागेत, व्यापाऱ्याची गाडी बांधावर आणि मी नाशिकला दंडाला कापूस लावून बसलेलो.

सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला होता, दोन रात्री सलाईन. खिशात ट्रायलचं कार्ड होतं. पण ज्या दवाखान्यात दाखल झालो तिथल्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "पैशासाठी जीव विकता का?" मला फार लागलं. प्रवासखर्चाशिवाय मी एक रुपया घेतलेला नव्हता. मुलाने कार्डावरच्या नंबरवर फोन केला. डास चावून आलेला ताप असला तरी दाखल व्हावं लागलं म्हणजे नियमाने ती गंभीर घटनाच, आणि २४ तासांत वर कळवायची. त्याच दुपारी ट्रायलच्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून माझे सगळे रिपोर्ट मागवले.

जुलै २०२३ मध्ये शेवटची फेरी झाली. तीन महिन्यांची साखर ७.७. गोळी बंद. चाचणीनंतर औषध मोफत देण्याची तरतूद आहे, पण ती ज्यांच्या आजाराला दुसरा इलाजच नाही अशांसाठी. मधुमेहाला इलाज पुष्कळ, तेव्हा ते मला पटलं. न पटलेली गोष्ट वेगळी. निकालाचं काय, माझ्या डबीत काय होतं, हे कधी कळणार? "कळवू" म्हणाले. वर्ष गेलं. ताई नोकरी सोडून गेल्या. मी तीनदा खेटे घातले, तिन्ही वेळा "कंपनीकडून आलं नाही." वर्षभर माझी एकेक गोळी मोजणाऱ्यांना माझा फोन नंबर माहीत नव्हता असं नाही.

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक होता: सीटीआरआय, मग साल, महिना आणि सहा आकडे. आपल्या देशात २००९ पासून प्रत्येक ट्रायल या नोंदवहीत आधी नोंदवावी लागते आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. पुतणीने क्रमांक टाकला. नाशिकच्या दवाखान्याचं नाव यादीत होतं, स्थिती 'पूर्ण', निकालाच्या जागी काहीच नाही. पण खाली दुसरा एक क्रमांक दिसला, एनसीटी आणि आठ आकडे. तो अमेरिकेच्या नोंदवहीचा. तिथल्या कायद्याने बहुतेक औषधांच्या चाचण्यांचे निकाल मुख्य मोजमाप संपल्यावर वर्षभरात टाकावे लागतात. तिथे तक्ते सापडले. पुतणीने मराठीत सांगितलं: नव्या गोळीच्या गटाची साखर कोऱ्या गटापेक्षा जास्त उतरली होती. कोऱ्या गटाचीही थोडी उतरलीच होती.

माझा गट मात्र तिथे असणं शक्य नव्हतं. मग अर्ज केला, एक प्रमुख डॉक्टरांना आणि एक एथिक्स कमिटीच्या, म्हणजे ट्रायलमधल्या लोकांचं हित पाहणाऱ्या समितीच्या, सचिवांना. या कमिटीत निम्मे तरी सभासद दवाखान्याबाहेरचे लागतात, एक सामान्य नागरिकही लागतो. ट्रायल संपून सगळी माहिती बंदिस्त झाली आहे, आता माझा गट सांगण्यात अडचण नसावी, एवढंच लिहिलं. पाच आठवड्यांनी पत्र आलं.

मी कोऱ्या ओळीतला होतो.

पत्र घेऊन बागेत गेलो आणि बराच वेळ बांधावर बसलो. ८.६ वरून ७.७, आणि गोळीत औषध नव्हतं. मग उतरली कशी? ट्रायलसाठी खाण्याची डायरी भरायची म्हणून रात्रीचा भात सुटला होता. ताई विचारतील म्हणून मेटफॉर्मिन एकही दिवस चुकलं नव्हतं. रोज बागेला दोन फेऱ्या व्हायच्या. आणि मी मात्र सोसायटीत, डेअरीवर, लग्नात सांगत फिरलो होतो की नव्या गोळीने माझी साखर उतरली. दोघा-तिघांनी ते ऐकून डॉक्टरांकडे त्याच गोळीचा हट्ट धरला होता. त्यांच्या घरी जाऊन पत्र दाखवलं.

सुरगाण्याच्या आजी गेल्या महिन्यात सीबीएसवर भेटल्या. ट्रायलचा निकाल लागला हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तिथल्याच बाकावर बसून मी त्यांचा अर्ज लिहिला, त्यांना दोनदा वाचून दाखवला. अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. उत्तर अजून यायचंय.